सात आणि आठच्या मध्ये

काकाच्या मेंदूत अठरा ठिपके आहेत. हा आकडा डॉक्टरांचा नाही, काकूचा आहे. डॉक्टर नुसतं ‘काही ठिपके’ म्हणाले होते. ‘काही’ म्हणजे किती हे कळल्याशिवाय काकूला चैन पडत नाही, म्हणून तिने एमआरआयची ती काळी फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटपट्टीने लावली आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक ठिपका मोजला. पहिल्यांदा सतरा भरले, दुसऱ्यांदा एकोणीस. तिने मधला आकडा धरला.

फिल्म मग तिथेच राहिली. सकाळी चहा घेताना काकाच्या डोक्यातून ऊन आत यायचं.

फोटो काढायचं कारण साधं होतं. महिनाभर रोज सकाळी काकाचं डोकं ठणकत होतं, आणि काकूच्या मते एक्कावन्नाव्या वर्षी डोकं असं फुकट दुखत नाही. समोर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बसलाय हे कळल्यावर डॉक्टरांनी सगळं वायरींच्या भाषेत सांगितलं. मेंदूचा वरचा करडा भाग विचार करतो, आतला पांढरा भाग म्हणजे नुसत्या वायरी, इकडचा निरोप तिकडे नेणाऱ्या. बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या की या वायरींवर कुठे कुठे डाग पडतात. काकाचा रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला असणार, कुणी मोजलाच नव्हता. पन्नाशीच्या आसपास पुष्कळ लोकांच्या फोटोत असे ठिपके दिसतात, तुमचे वयाच्या मानाने जरा जास्त आहेत, एवढंच.

काकूने विचारलं, पांढऱ्या भागात पांढरे ठिपके, तर मग पांढऱ्यावर पांढरं दिसलं कसं? डॉक्टर म्हणाले की फोटोत पांढरा भाग करडा दिसतो. काकूने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की घे, हा माणूस पहिल्याच प्रश्नाला घसरला.

याने होतं काय, हे काकाने विचारलं. काहींना काहीच होत नाही, डॉक्टर म्हणाले. काहींचा डोक्याचा वेग थोडा उतरतो, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं जड जातं, शब्द उशिरा सापडतात. त्यांनी रक्तदाबाची गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं, रोज पाऊण तास चालायला सांगितलं आणि वर्षाने पुन्हा फोटो. मनात शंका असेल तर एका मानसतज्ज्ञ बाईंकडे स्मरणशक्तीची आणि वेगाची रीतसर चाचणी होते, तीही करून घ्या म्हणाले. काका म्हणाला, बघू. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

आता मला यात काळजी करण्यासारखं काय होतं ते सांगतो.

काका लिफ्ट दुरुस्त करतो आणि पाच वर्षांपासून मी त्याच्या हाताखाली आहे. पहिल्याच दिवशी एका वायरीत करंट आहे की नाही याची मी बोट लावून खात्री करून घेतली, तेव्हापासून तो मला फेज म्हणतो. दारांची कुलपं बदलायची असली की मी शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तिथे, लिफ्टच्या डब्याच्या छपरावर उभा राहतो. काका सगळ्यात वर, मशीन रूममध्ये. मी ओरडून सांगतो, एक हात वर. काका तेच शब्द परत म्हणतो, मग बटण दाबतो, आणि माझ्यासकट डबा एक हात वर सरकतो. छपराच्या एका कोपऱ्यात लाल बटण असतं, ते दाबलेलं असलं की काही हलत नाही. काम करताना ते दाबून ठेवायचं, सरकायचं असलं की सोडायचं. म्हणजे दिवसातून चाळीस-पन्नास वेळा असं होतं, की लाल बटण सुटलेलं असतं, माझ्या डोक्यावर चार हातांवर तुळई असते आणि माझ्या व तुळईच्या मध्ये फक्त काकाचा मेंदू असतो. पाच वर्षं या रचनेत मला काही खटकलं नव्हतं.

काकाच्या त्या मेंदूत पन्नासेक लिफ्टच्या वायरींचे नकाशे आहेत. कागदावरचे नकाशे तो कधी उघडत नाही. गिऱ्हाइकाने फोनवर रडगाणं सुरू केलं की तो डोळे मिटतो आणि म्हणतो, तिसऱ्या मजल्याच्या दाराचा कॉन्टॅक्ट बघा, घासला असेल. तो घासलेलाच असतो.

घरी काकूने स्वतःच चाचण्या सुरू केल्या. शंभरातून सात सात वजा करत खाली यायचं, असा तिचा आवडता प्रकार होता. काका त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असा येत राहिला, एकदाही न चुकता, पण गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तसा, प्रत्येक पायरीवर टेकत. माझी पाळी आली तेव्हा मी धडाधड उतरलो आणि त्र्याहत्तरवर पोचलो, जो आकडा त्या वाटेवर लागतच नाही. निकाल असा की काकाची उत्तरं बरोबर होती पण उशिरा येत होती, माझी चटकन येत होती आणि चूक होती. काकूने काळजी काकाची केली. मलाही तेच योग्य वाटलं.

मग मी शाफ्टमध्ये मोजायला लागलो. मी ‘एक हात वर’ म्हटल्यापासून डबा हलेपर्यंत तीन सेकंद जात होते. ठिपक्यांआधी किती जायचे ते माहीत नव्हतं, कारण तेव्हा कधी मोजलं नव्हतं. तरी तीन जास्त वाटत होते. दुसऱ्या दिवशी साडेतीन झाले. एकदा काकाने ‘वर’च्या जागी ‘खाली’ म्हटलं आणि लगेच दुरुस्त केलं. की मीच आधी ‘खाली’ म्हणालो होतो? हे अजून नक्की झालेलं नाही.

त्याच आठवड्यात आम्हाला दंतवैद्यांच्या इमारतीचं काम मिळालं. सहा मजले, प्रत्येक मजल्यावर दोन दंतवैद्य, आणि सहाही दारांची कुलपं बदलायची. आदल्या संध्याकाळी मी माझ्या टेबललॅम्पच्या वायरीत मधोमध असतो तो अंगठ्याने सरकवायचा स्विच कापून घेतला. लॅम्प त्यानंतर भिंतीतून उपटून बंद करावा लागतो.

लिफ्टमध्ये एक सेफ्टी सर्किट असतं. सगळ्या दारांची कुलपं, लाल बटण वगैरे एकाच वायरीत मण्यांसारखं ओवलेलं. एक मणी जरी सुटला तरी लिफ्ट जागची हलत नाही. छपरावरच्या पेटीत ही वायर सात नंबरच्या स्क्रूवरून आठ नंबरच्या स्क्रूवर जाते. वीतभर, सरळ, मध्ये काही नाही. तिथे मी माझा स्विच घातला. दोन वायरी जुन्या वायरींच्या जुडग्यात मिसळून छपरावरच्या पंख्याच्या झाकणाखाली नेल्या आणि तिथून स्विच माझ्या मुठीत येईल एवढी लांबी ठेवली. लाल बटण पलीकडच्या कोपऱ्यात, ते सोडून मी जागेवर येईपर्यंत उघड्यावर असायचो. आता काकाने चुकून उलटं बटण दाबलं, आधी दाबलं, किंवा ठिपक्यांमुळे काहीही केलं, तरी माझा अंगठा सरकेपर्यंत डबा हलणार नव्हता. जोड मी इतके नीट केले की कंपनीचेच वाटावेत. जोड करायला मला काकानेच शिकवलंय.

त्याला सांगून करता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे ‘काका, तू मला चिरडशील असं वाटतं’ हे त्याच्या तोंडावर सांगायचं. त्यापेक्षा सोल्डरिंग सोपं होतं.

तीन दिवसांत चार मजले झाले. चौथ्या दिवशी दुपारी पाचव्या मजल्याच्या कुलपाला एक पट्टी कमी निघाली. ती आणायला मला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं. तोवर लिफ्ट पेशंटना वापरू दे, असं काका म्हणाला. मी छपरावरून उतरलो आणि उतरण्याआधी, सगळं सुरक्षित असावं म्हणून, अंगठ्याने स्विच बंद करून पंख्याच्या झाकणाखाली सरकवला. मग बसमध्ये बसून काकाच्या विसरभोळेपणाची काळजी करत गेलो.

तीन तासांनी परत आलो तर जिन्यावरून माणसं उतरत होती, एकेका बाजूने सुजलेली, कठड्याला धरून. इमारतीचा व्यवस्थापक खाली उभा होता. तुम्ही गेल्यापासून बंद आहे म्हणाला, आणि तुमचे काका कुणाशी बोलत नाहीयेत.

काका डब्याच्या छपरावर मांडी घालून बसला होता. पेटी उघडी, तोंडात टॉर्च, हातात मीटर. मला पाहून त्याने टॉर्च तोंडातून काढला. त्याचा शर्ट ओला होता.

“सातवर करंट येतोय,” तो म्हणाला. “आठवर येत नाही.”

मला त्याच क्षणी आठवलं. आठवणं कसं असतं ते मी तेव्हा नीट पाहिलं. पायाखालचा डबा सुटल्यासारखं असतं.

“फेज, सात आणि आठच्या मध्ये सरळ वायर होती ना रे? वीतभर?”

वर्षभरापूर्वीचा काका असता तर त्याने मला हे विचारलंच नसतं. कुठल्या गाढवाने इथे हात घातलाय, असं तो मिनिटाभरात म्हणाला असता, वायर उचकून बाहेर ओढली असती आणि गाढवापर्यंत पोचला असता. आता त्याच्यासमोर वेगळी वायर होती आणि डोक्यात वेगळी, आणि तीन तास बसून त्याने ठरवलं होतं की चुकलेली असणार ती डोक्यातली.

मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाही काका,” मी म्हणालो. “पहिल्यापासून अशीच आहे. खालून फिरून जाते.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग ‘हं’ म्हणाला, अगदी हळू, चुकीच्या मजल्यावर उतरलेलं माणूस म्हणतं तसं.

मी त्याला बाहेर यायला सांगितलं, मी बघतो म्हणालो. आत गेलो, पंख्याच्या झाकणाखाली हात घातला, अंगठा सरकवला. वर मशीनने घसा खाकरला. मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, तरी मी मुद्दाम मिनिटभर आत थांबलो, कारण लगेच बाहेर आलो असतो तर फार वाईट दिसलं असतं. काय होतं, त्याने विचारलं. पंख्यापाशी वायर ढिली होती, मी सांगितलं. तो म्हणाला, तिथे बघायचं मला सुचलंच नाही.

संध्याकाळी त्याला पुढे पाठवून मी स्विच काढला. मग लक्षात आलं की वायर पुन्हा सरळ केली आणि काकाने उद्या पेटी उघडली, तर त्याला सरळ वायर दिसेल आणि मी खोटा पडेन. म्हणून स्विच काढून मी तीच लांब वायर खालून फिरवून, काही कारण नसताना, सातवरून आठवर आणली. आता माझं खोटं खरं झालं होतं. इतकं मन लावून मी पाच वर्षांत कुठलं काम केलं नव्हतं.

पण काकाने पेटी पुन्हा उघडली नाही. घरी येऊन त्याने हातपाय धुतले आणि टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. सगळ्या मशीन रूमच्या किल्ल्या त्यात आहेत, चाळीसेक. माझ्या बाजूला सरकवला. म्हणाला की आपण यापुढे शाफ्टच्या कामाला हात लावणार नाही, हे काम आता फेजचं, फेजने आपल्या जोडीला कुणीतरी बघावं. मेहुण्याचं कड्याकुलपांचं दुकान आहे, तिथे काउंटरवर माणूस हवाच आहे. तिथे चुकलं तर फार तर दाराला दुसरी कडी लागेल.

काकूने एकच विचारलं, आज काय झालं? त्याने सांगितलं. सात, आठ, तीन तास, आणि मग या पोराने एका मिनिटात. तो सांगत होता त्यात माझ्याबद्दल कौतुक होतं. खरंखुरं. ते ऐकताना मी जुडग्यातल्या किल्ल्या मोजत राहिलो.

काकू उठली आणि तिने खिडकीवरची फिल्म काढली. स्वयंपाकघरात एकदम खूप उजेड झाला, आणि तो कुणालाच आवडला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. काका गिऱ्हाइकांना फोन करून सांगत होता की आता पुतण्या बघेल, पोरगा माझ्यापेक्षा तयार आहे. रोज पाऊण तास चालायला जाताना ओठ हलवत जायचा. मी एकदा मागून ऐकलं. तो एकेका इमारतीचं नाव घेऊन तिच्या वायरींचे नंबर म्हणत होता, आणि दंतवैद्यांच्या इमारतीत सहापाशी आला की थांबायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. मी रोज सांगायचं ठरवायचो. सकाळी ठरवलं की तो गोळी घेत असायचा, रक्तदाबाची, तेव्हा सांगणं धोक्याचं वाटायचं. दुपारी सांगितलं असतं तर संध्याकाळचं चालणं बुडालं असतं. माझंही डोकं सकाळी ठणकायला लागलं. काकूने माझ्याकडे बारकाईने पाहिलं आणि रक्तदाब मोजायचं यंत्र माझ्या दंडाला बांधलं. तो वाढलेला होता.

दुकानात रुजू होण्याआधी ती चाचणी करायचीच, यावर मात्र काकू अडून बसली. काउंटरवर बसायचं असेल तर बस, म्हणाली, पण कशामुळे बसलास ते मला कागदावर हवंय. काका ‘बघू’ म्हणाला. तिने वेळ घेऊन टाकली होती.

मानसतज्ज्ञ बाई माझ्याच वयाच्या होत्या. टेबलावर रंगीत पेन्सिली, घड्याळ आणि कागदांचा गठ्ठा. काकाची चाचणी सुरू होण्याआधी घरच्या किंवा कामावरच्या जवळच्या माणसाने एक फॉर्म भरायचा असतो, असं त्यांनी सांगितलं. काकू पुढे सरसावली, पण काका म्हणाला, हा भरेल, हा दिवसभर माझ्याबरोबर असतो, आणि काकूला बाहेर बसायला पाठवलं.

फॉर्ममध्ये प्रश्न होते. वस्तू हरवतात का? नाही. तेच तेच विचारतात का? नाही. माझे ‘नाही’ वाढत गेले तशी मला आशा वाटायला लागली की हा फॉर्म आपल्याला काही न करता सोडवेल. नववा प्रश्न असा होता: पूर्वी नीट येणारी कामातली एखादी गोष्ट विसरल्याचा प्रसंग घडला आहे का? असल्यास तपशील लिहून सही करा.

“लिही,” काका म्हणाला. “सात आणि आठ. लिही, त्यांना कळायला पाहिजे.”

बाईंनी विचारलं की सात आणि आठ म्हणजे काय. काकाने त्यांना सांगायला सुरुवात केली. शांतपणे, एकेक गोष्ट क्रमाने, दुसऱ्या कुणाच्या बिघडलेल्या लिफ्टबद्दल सांगावं तसं. आपल्याला तिथे सरळ वायर आठवत होती, अजूनही आठवते, हेच वाईट आहे म्हणाला. विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. नसलेली वायर दिसते.

“होती,” मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“सरळच होती. मी कापली. मध्ये माझ्या लॅम्पचा स्विच घातला होता. मला तुझी भीती वाटत होती.”

बाईंची पेन्सिल कागदावर थांबली. त्यांनी सौम्यपणे विचारलं की हे नवव्या प्रश्नाचं उत्तर आहे का. मला माहीत नाही म्हणालो.

काकाने माझ्या हातातला फॉर्म काढून टेबलावर पालथा ठेवला. किती सेकंद गेले ते मी मोजलं नाही. मग त्याने विचारलं की स्विच कुठे होता. पंख्याच्या झाकणाखाली, मी सांगितलं. वायर कुठली वापरली? दीड एमएमची. जोड सोल्डर केले? केले. टेप? दोन पदरी. त्याने मान हलवली. कामात चूक काढायला जागा नव्हती, आणि ते त्याला फार लागलेलं दिसलं.

बाई म्हणाल्या की हवं तर आपण आज थांबू, दुसऱ्या दिवसाची वेळ घेऊ.

“नको,” काका म्हणाला. “परीक्षा माझी आहे ना? याला बाहेर काढा.”

बाहेर काकू बसली होती. तिला मी सगळं सांगितलं, कारण आता सुरू झालंच होतं. तिने ऐकून घेतलं. किती दिवस झाले, तिने विचारलं. नऊ, मी म्हणालो. नऊ दिवस तो अंघोळ करताना आकडे म्हणतोय, ती म्हणाली, मग पर्स उचलून माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसली. तिथे एकूण पाचच खुर्च्या होत्या.

दीड तासाने काका बाहेर आला. निकाल दोन दिवसांनी मिळाला. स्मरणशक्ती चांगली, वयाच्या मानाने उत्तमच. कामाचा वेग सरासरीपेक्षा थोडा कमी. एका वेळी दोन गोष्टी दिल्या की वेग आणखी उतरतो, पण चुका जवळजवळ नाहीत. थांबतात, बघतात, मग करतात. रक्तदाब ताब्यात ठेवावा, वर्षाने चाचणी पुन्हा करावी. शेवटी एक ओळ होती: चाचणीपूर्वी व्यक्ती अत्यंत संतापलेली होती, निकाल वाचताना हे लक्षात घ्यावे.

काकूने तो कागद खिडकीला लावला नाही. घडी करून पर्समध्ये ठेवला. डॉक्टरांनी काम करायला हरकत घेतली नाही, मात्र घाई नको आणि एका वेळी एकच गोष्ट, असं बजावलं. ठिपके अठराचे अठरा होतेच. त्यांचं पुढे काय होणार हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं, आणि काकूला तो माणूस पहिल्यांदाच थोडा आवडला.

काका माझ्याशी बोलत नव्हता. त्या संध्याकाळी त्याने चालायला निघताना दार उघडं ठेवलं, म्हणून मी मागून गेलो. अर्धा तास आम्ही नुसते चाललो, बंद दुकानांवरून, पेट्रोल पंपावरून, शाळेच्या लांबलचक भिंतीच्या कडेने. भिंत संपली तेव्हा तो बोलला.

“तू घाबरलास त्याचं मला काही नाही. मीही घाबरलोय. पण मी तुला विचारलं होतं, फेज. माझ्या डोक्यात एक गोष्ट शाबूत होती आणि तू म्हणालास, ती नाहीच.”

मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, ऐकलं. मग आम्ही उरलेली पंधरा मिनिटं चाललो, कारण डॉक्टरांनी पाऊण तास सांगितला होता.

सोमवारी आम्ही दंतवैद्यांच्या इमारतीत गेलो. पाचवा आणि सहावा मजला राहिला होता. काकाने किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडेच ठेवला, पण आधी पेटी उघडायला लावली आणि सात ते आठ वायर सरळ करायला लावली. वीतभर. मी करत असताना टॉर्च त्याने धरला. झाल्यावर त्याने बोटाने ती वायर एकदा दाबून पाहिली, एखाद्या माणसाला ‘आहेस ना?’ म्हणावं तशी.

मग मी नेहमीसारखा छपरावर पाय टाकायला गेलो, तर त्याने मला बाजूला केलं आणि स्वतः उतरला. म्हणाला, तू वर जा, मशीन रूममध्ये, बटणांपाशी. मी म्हणालो, काका, मी कधी कुणाला छपरावर ठेवून डबा चालवलेला नाही. आणि आता राग काढायची ही जागा नव्हे, असंही काहीतरी म्हणालो.

“राग नाही,” तो म्हणाला. हेल्मेटचा पट्टा लावत होता. “तुझ्या मेंदूचा कुणी फोटो काढलेला नाही. आत काय आहे देव जाणे. तरी मी उभा राहतोय. जा.”

मी जिन्याने वर गेलो. मशीन रूम गरम होती. जमिनीतल्या ज्या भोकातून दोर खाली जातात त्यातून पाहिलं तर खूप खाली काकाचं पिवळं हेल्मेट दिसत होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. पॅनेलवर दोन बटणं. वरचं वर नेतं, खालचं खाली नेतं. पाच वर्षं मला हे माहीत होतं. आता ते आपण नक्की कुणाकडून ऐकलं होतं, हे आठवेना.

खालून आवाज आला, एक हात वर.

एक हात वर, मी म्हणालो, आणि माझं बोट बटणावर टेकून तसंच राहिलं. त्या नखाएवढ्या हेल्मेटच्या आत ते अठरा ठिपके होते, आणि त्यांची मला आता अगदी उलटी काळजी लागली होती, की त्यांना धक्का लागू नये. मी पुन्हा भोकातून पाहिलं. पुन्हा बटणांवरचे बाण पाहिले.

“दाबतोयस का रे?” काकाने विचारलं.

दाबलं. दोर सरकले, मशीनने दम घेतला, एक हात झाल्यावर मी बोट उचललं. खालून काहीच आवाज आला नाही. मी थांबलो. तरी आला नाही.

“काका?”

काहीच नाही. मी गुडघ्यांवर बसलो आणि भोकापाशी तोंड नेलं.

“अरे आहे, आहे,” खालून आवाज आला. “कुलूप बघतोय. एका वेळी एकच गोष्ट सांगितलीय ना. आता अजून अर्धा हात.”

अजून अर्धा हात, मी म्हणालो, आणि वरचं बटण वरच आहे ना हे चौथ्यांदा पाहून घेतलं.